सात पिल्लं आणि स्नेहसंबंधाचा पुरावा

ताटातल्या तुकड्यापलीकडे कोंबडीबद्दल बेलार्मिनो आर्दिला यांचं काही मत नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं. नोटरीच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी हयात घालवली. घरं, उसाचे मळे, मृत्युपत्रं, भावाभावांचे वाटे, सगळं त्यांच्या शिक्क्याखालून गेलं. पण एवढ्या वर्षांत एकाही कोंबडीनं समोर उभं राहून सही केली नव्हती. निवृत्तीनंतर सकाळी पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी लोणी घालून घोटलेलं गरम चॉकलेट, असा त्यांचा बेत होता. तो नीट चालला होता. पिएद्रालिसा हे गावही तसं बेताला पोषकच: दगडी गल्ल्या, पांढऱ्या चुन्याच्या भिंती, आणि दुपारी सगळ्या गावाची मिळून एकच झोप.

मग तुलिया वारली.

तुलिया म्हणजे त्यांच्या पत्नीची, एदेल्मिराबाईंची, थोरली बहीण. वर डोंगरावरच्या वाडीत एकटी राहायची. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या आणि भाचे मंडळींनी घर रिकामं करायला घेतलं. कुणी गाय नेली, कुणी उसाचा चरक नेला, एकानं तर दाराच्या बिजागऱ्या काढून नेल्या. एदेल्मिराबाई कशालाच हात लावेनात. शेवटी त्यांनी परसातून एक खुडूक बसलेली कोंबडी तिच्या अंड्यांसकट टोपलीत घातली, टोपली मांडीवर घेतली आणि बसनं घरी आल्या. सगळ्या वळणांवर म्हणे त्या टोपलीवर हात धरून होत्या.

कोंबडी काळी होती आणि तिच्या मानेवर एकही पीस नव्हतं. लालभडक उघडी मान, वर छोटं संतापलेलं डोकं. नुकतीच कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखी दिसायची. तुलियानं तिचं नाव ठेवलं होतं कोन्देसा, म्हणजे सरदारीण. नाव ठेवायला तुलियाला बरोबर जमायचं.

सरदारीणबाईंनी मागच्या अंगणातल्या धुण्याच्या टाकीखाली मुक्काम ठोकला आणि यथावकाश सात पिल्लं काढली. एदेल्मिराबाई खुर्ची टाकून दिवसभर त्यांच्याकडे बघत बसू लागल्या.

आता इथे एक घरातली गोष्ट सांगायला हवी. पिएद्रालिसात नवराबायकोसुद्धा एकमेकांना अहो-जाहो करतात, आणि अहो-जाहो करतच एकमेकांची अक्कल काढतात. आर्दिला दांपत्याचा संसार असाच खणखणीत चालला होता. मीठ, खिडक्या, रेडिओचा आवाज, कशावरूनही दोघांची जुंपायची आणि दोघांनाही भूक चांगली लागायची. पण तुलिया गेल्यापासून एदेल्मिराबाई भांडेनाशा झाल्या. पहिल्यांदा जेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं," तेव्हा बेलार्मिनोंना जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा तेच ऐकलं तेव्हा जिंकल्यासारखं वाटेना. मुद्दाम त्यांनी खारट सुपाला अळणी म्हणून पाहिलं. "असेल," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा अंगणात जाऊन पिल्लांसमोर बसल्या.

तेव्हा कोंबडी राहिली तर राहू दे, असं बेलार्मिनोंनी मनाशी ठरवलं. पण कोंबडीनं शेजारी जायचं ठरवलं.

शेजारी एलिओदोरो गाल्विस राहत. गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही रोज दुपारी सराव करी. सराव कशाचा, हे कुणाला कळत नसे. बेलार्मिनोंचा आणि त्यांचा शाळेपासूनचा स्नेह. दोन अंगणांमधल्या भिंतीला खाली एक मोरी होती. त्या मोरीतून सरदारीणबाई सहकुटुंब पलीकडे गेल्या आणि एलिओदोरोंनी ग्रामदैवताच्या उत्सवासाठी वाढवलेला लाल फुलांचा अख्खा वाफा उकरून त्यांनी त्यात धुळीची अंघोळ केली.

एलिओदोरोंनी नगरपालिकेत तक्रार दिली. आणि त्याच संध्याकाळी नेहमीप्रमाणे चॉकलेट प्यायला आले.

"तक्रार केलीय मी तुमच्यावर," त्यांनी कपात चीजचा तुकडा बुडवत सांगितलं. "लेखी."

"माझ्यावर?"

"कोंबडीवर. पण कोंबडीच्या नावानं नोटीस निघत नाही म्हणाले, म्हणून तुमचं नाव घातलं. राग मानू नका, भाऊ. तक्रार तक्रारीच्या जागी, चॉकलेट चॉकलेटच्या जागी."

नोटीस आली. ऐतिहासिक पेठेत उत्पादक कोंबड्या पाळण्यास मनाई असून, त्या त्वरित हलवाव्यात, अन्यथा जप्त केल्या जातील. बेलार्मिनोंनी ती एदेल्मिराबाईंना वाचून दाखवली. बाईंनी ऐकली. "तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या. पण मांडीवरचा हात त्यांनी असा घट्ट मिटला, की बेलार्मिनोंनी जेवण तसंच ठेवून कोट चढवला आणि नगरपालिका गाठली.

तिथे इन्स्पेक्टर नोर्मा ग्वारिन नावाच्या बाई बसल्या होत्या. वयानं तरुण, चष्मा डोक्यावर, टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर पेरूच्या वडीचा अर्धा तुकडा. बेलार्मिनोंना त्या खोलीत शिरताच बरं वाटलं. शाईचा वास, पंख्याची घरघर, कंटाळलेली माणसं. मासा पाण्यात परत आला.

"उत्पादक म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"अंडी देणारी."

"ती सध्या देत नाही."

"पिल्लं काढली ना? तेही उत्पादनच."

"मग धर्मगुरूंच्या अंगणात दोन पोपट आहेत. त्यातला एक शिव्या देतो. त्याला कुणी नोटीस दिली?"

"ते पाळीव सोबती आहेत, साहेब. पाळीव सोबत्यांना मनाई नाही."

"व्याख्या?"

ग्वारिनबाईंना आजवर कुणी व्याख्या विचारली नव्हती. त्या आत जाऊन पुस्तक घेऊन आल्या, त्यावरची धूळ फुंकली आणि वाचलं, "पाळीव सोबती म्हणजे उत्पन्नासाठी न ठेवलेला व मालकाशी स्नेहसंबंध असलेला प्राणी."

"आहे," बेलार्मिनो म्हणाले.

"काय आहे?"

"स्नेहसंबंध. आठही जणांशी."

ग्वारिनबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "असं असेल तर मला येऊन पाहावं लागेल. प्रत्येक पक्ष्याचं वेगळं. माणूस जवळ असताना पळता कामा नये, हातावर यायला हवा. आणि लगतच्या घरातला एक साक्षीदार सही करायला हवा."

"लगतच्या घरातल्याचीच तर तक्रार आहे."

"मग तर फारच उत्तम. त्यांची साक्ष कुणी पक्षपाती म्हणणार नाही."

कायद्यात पळवाट सापडल्यावर कारकुनाच्या अंगात जी तरतरी येते, ती घेऊन बेलार्मिनो घरी परतले. रस्त्यात दोघांना त्यांनी आपण होऊन नमस्कार केला. अंगणाच्या दारात पाऊल ठेवलं मात्र, सरदारीणबाईंनी मान उंच करून घशातून एक लांब, बारीक आवाज काढला आणि सातच्या सात पिल्लं जमिनीनं गिळल्यासारखी नाहीशी झाली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण एका सरकारी अधिकाऱ्यासमोर काय बोलून आलो.

बाजारातून खोक्यात घालून आणलेली पिल्लं माणसालाच आई समजतात, पायात पायात येतात. पण आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लांची शाळा वेगळी. घारीपासून पळा, मांजरापासून पळा, आणि पायजमा घातलेल्या माणसापासून सगळ्यात आधी पळा, हे त्यांना चोच फुटायच्या आत पाठ झालेलं असतं. सरदारीणबाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि बेलार्मिनोंचा पायजमा निळ्या पट्ट्यांचा होता.

त्यांनी साधेपणानं सुरुवात केली. हातावर मक्याचा भरडा घेतला, वाकले, आणि कचेरीत म्हाताऱ्या पक्षकारांशी बोलत तशा गोड आवाजात म्हणाले, "या, या." कुणी आलं नाही. ते पुढे सरकले तशी पिल्लं मागे सरकली. ते उजवीकडे गेले, पिल्लं डावीकडे. शेवटी त्यांनी चपळाई करून एकावर झडप घातली. पिल्लू सुटलं. सरदारीणबाई आल्या आणि बेलार्मिनोंच्या मनगटावर तीन ठिकाणी आपलं मत नोंदवून गेल्या.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून बेलार्मिनोंना रस्त्यानं सरळ जाता येईना. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही पिल्लं माणसाळवायची खात्रीची रीत ठाऊक होती. त्यात सर्वांत जास्त सल्ले अर्थात एलिओदोरोंचे.

"तक्रारदार म्हणून मी काही बोलणार नाही," ते म्हणाले, "पण मित्र म्हणून सांगतो. संगीत. रोज दाणे टाकताना एकच धून वाजवायची. धून आणि दाणा यांची सांगड बसली, की नुसती धून वाजवली तरी पिल्लं धावत येतील. माझ्या चुलत्याची डुकरं अशीच यायची."

"डुकरं कुणाच्याही हाकेला येतात."

"हा अनुभव आहे, भाऊ. पुस्तकी नाही."

दुसऱ्या दिवशी एलिओदोरो ट्रॉम्बोन घेऊन अंगणात उभे राहिले. बेलार्मिनोंनी भरडा टाकला. एलिओदोरोंनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिला सूर लावला. त्या सुरानं सरदारीणबाई टाकीवर, टाकीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून छपरावर गेल्या. चार पिल्लं मोरीतून पलीकडे गेली आणि वाफ्यात जे काही नव्यानं रुजत होतं तेही उकरून आली. एक पिल्लू ट्रॉम्बोनच्या पेटीत सापडलं. ते तिथून निघायला तयार नव्हतं, आणि पेटीच्या मखमलीवर त्यानं आपली सांगड बसवून ठेवली होती.

"धून चुकली," एलिओदोरो पेटी पुसत म्हणाले. "मी वाफ्याबद्दल पुरवणी तक्रार देणार आहे. उद्या चॉकलेटला येतो."

पुढचा सल्ला औषधवाल्या उल्पियानोंचा. त्यांनी पांढरा कोट घातलेला असे, म्हणून त्यांचं म्हणणं जरा जास्त खरं वाटे. "दोष पिल्लांचा नाही, आईचा आहे," त्यांनी खोकल्याची बाटली बांधून देता देता निदान केलं. "आई वेगळी काढा. पिल्लं खोक्यात घाला, वर दिवा लावा, तुम्ही जवळ बसा. दोन दिवसांत तुम्हालाच आई म्हणतील."

हे बेलार्मिनोंना पटलं. कज्जेदलाली करणारी तिसरी पार्टी बाजूला काढली की उरलेल्या दोघांत तडजोड होते, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता. एलिओदोरोंनी सरदारीणबाईंना टोपलीखाली झाकलं, वर दगड ठेवला. दोघांनी मिळून, पडदे, झाडू आणि पावाची परात वापरून, घामाघूम होत पिल्लं पकडली आणि बेलार्मिनोंच्या अभ्यासिकेत टोपीच्या मोठ्या खोक्यात ठेवली. सात पिल्लांनी एका सुरात जो आकांत मांडला तो पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेला.

टोपलीखाली आधी शांतता होती. मग टोपली चालायला लागली. दगड पडला, टोपली कलंडली आणि सरदारीणबाई पिसं फुलवून घरात शिरल्या. जेवणघरातून जाताना त्यांनी चिनीमातीचं एक सूपपात्र पाडलं, दिवाणखान्यात नोटरी साहेबांनी निवृत्तीच्या समारंभात दिलेलं मानपत्र भिंतीवरून खाली आणलं आणि अभ्यासिकेच्या दारात बेलार्मिनोंना गाठलं. ते टेबलावर चढले. खोकं त्यांच्या दोन्ही हातांत होतं.

या गोंधळात एदेल्मिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलावरच्या नवऱ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"अहो, तुमची अक्कल काय कचेरीतच ठेवून आलात?" त्या म्हणाल्या. "आईपासून लेकरं तोडून घेता? एवढे पांढरे झालात, काही शिकलात का? खाली उतरा आधी. आणि बूट. टेबलावर बूट घालून चढलात. त्या टेबलाला मी मेण लावते हो, हातानं. आणि ते कालचं सूप अळणी नव्हतं, खारट होतं. तोंडाला चव नाही की घशाला लाज नाही."

सूप कालचं नव्हतं, बऱ्याच दिवसांपूर्वीचं होतं. पण बेलार्मिनोंनी ते दुरुस्त केलं नाही. ते टेबलावर तसेच उभे राहून ऐकत होते. मनगट ठणकत होतं, धोतरासारखा ओघळलेला पायजमा एका हातानं सावरावा लागत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना श्वास पुरेसा मिळत होता.

"खारट होतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

"मग? मला कळत नाही?" बाईंनी खोकं हिसकावून घेतलं. "आणि हे आमच्या घरात येऊन टोपल्यांवर दगड ठेवणारे कोण?"

एलिओदोरो तोवर मोरीच्या बाजूनं, म्हणजे भिंतीवरून, घरी गेले होते.

एवढं झाल्यावर बेलार्मिनो थांबले असते तर बरं झालं असतं. पण पाहणीचा दिवस ठरून आला होता, आणि कोपऱ्यावर भाकऱ्या भाजणाऱ्या बाईनं त्यांना थांबवून सांगितलं होतं की पिल्लं माणसाला भीत नाहीत, आकाराला भीतात. उंच ते वाईट, बुटकं आणि काळं ते आई. बेलार्मिनोंनी दोन दिवस या विचाराला विरोध केला. तिसऱ्या दिवशी एदेल्मिराबाई बाजारात गेलेल्या पाहून त्यांनी त्यांची सुतकातली काळी शाल डोक्यावरून घेतली, अंगणात उकिडवे बसले, कोपर पंखांसारखे बाहेर काढले आणि घशातून कुक् कुक् करत टाकीच्या दिशेनं सरकू लागले.

पिल्लं खरोखरच थबकली. एकानं मान वाकडी करून पाहिलं. बेलार्मिनोंना आशा वाटली. त्यांनी आणखी जोर लावून कुक् कुक् केलं.

पुढचं दार उघडं होतं. तुलियासाठी महिन्याची प्रार्थना म्हणायला चर्चच्या महिला मंडळातल्या बायका जपमाळा घेऊन आल्या होत्या, आणि घरात कुणी दिसेना म्हणून आत, अंगणाच्या उंबऱ्यापर्यंत, आल्या होत्या. त्या किती वेळ तिथे होत्या हे बेलार्मिनोंना आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. सगळ्यांत पुढे होती ती बाई हळू आवाजात म्हणाली, "दुःख माणसाला कुठं कुठं नेतं," आणि बाकीच्यांनी छातीवर क्रूस काढला.

त्यानंतर काही दिवस पिएद्रालिसात बेलार्मिनोंशी सगळे फार मायेनं बोलत. बिनसाखरेची वाटेल तशी कॉफी देणारा हॉटेलवालासुद्धा "बसा, बसा, घाई नाही," म्हणायचा. यापेक्षा हसले असते तर परवडलं असतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी एलिओदोरो आले. हातात काचेची बरणी होती. आत भाजलेल्या, खारवलेल्या, गोल पोटाच्या मोठ्या मुंग्या. पहिल्या पावसानंतर त्या वारुळातून निघतात, गावात लोक त्या मिटक्या मारत खातात, आणि वर्षभराची चंगळ काही दिवसांत धरून ठेवायची असते. एलिओदोरो स्वतःच्या भावालाही यातली एक मुंगी मोजून देत.

"घ्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पिल्लांना आवडतील."

"तक्रारदार तुम्हीच ना?"

"आहेच. साक्षीदार म्हणून जे दिसेल तेच लिहीन, हेही सांगून ठेवतो. पण वहिनी काल मला भिंतीवरून ओरडल्या. ट्रॉम्बोन बेसूर आहे म्हणाल्या. तुलियाबाई गेल्यापासून त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मला बरं वाटलं."

बेलार्मिनोंनी बरणी घेतली. मग एलिओदोरो इन्स्पेक्टरबाईंना घ्यायला गेले, कारण त्या गल्लीत नवख्याला घर सापडत नाही.

बेलार्मिनोंनी कचेरीतला काळा सूट घातला होता, टाय बांधला होता. मुंग्या त्यांनी सदऱ्याच्या खिशात भरल्या, दुसऱ्या खिशात भाकरीचा चुरा. बेत असा, की इन्स्पेक्टरबाई येण्याच्या आत निदान एक पिल्लू हातावर घेऊन दाखवायचं, बाकीच्यांचं पुढे बघू. एक पिल्लू टाकीच्या काठावर होतंच. ते दबकत गेले, हात लांबवला, उजवा पाय उचलला, आणि डावा पाय त्या सकाळी त्यांनीच उदार हस्ते सांडलेल्या मक्यावरून सटकला.

पडतानाचं त्यांना फारसं आठवत नाही. कमरेत काहीतरी कुलूप लागल्यासारखं कट् झालं आणि ते उताणे अंगणाच्या दगडांवर होते. उठून पाहिलं. उठता येईना. कुशीवर वळून पाहिलं, तेही जमेना. हाक मारावी म्हटलं तर श्वासच अर्धा येत होता. मुंग्या आणि चुरा सूटवर, टायवर, गळ्याशी विखुरले होते. वर चौकोनी आकाश आणि एक ढग. "संपलं," बेलार्मिनो मनात म्हणाले. "आता बाई येतील, लिहितील, आणि घेऊन जातील." एदेल्मिराला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. तेही पुसता येईना.

मग त्यांच्या कानाजवळ नखांचा आवाज झाला. सरदारीणबाई येत होत्या. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. लाल मान वाकवून त्यांनी या पडलेल्या माणसाकडे आधी एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या. बेलार्मिनोंनी हात पुढे केला नाही, कारण करता येत नव्हता. गोड बोलले नाहीत, कारण दम नव्हता. सरदारीणबाई त्यांच्या छातीवर चढल्या. वजन चांगलं होतं. त्यांनी एक मुंगी उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली, चोचीनं मोडली आणि घशातून असा एक मऊ, घाईचा, टुक टुक टुक आवाज काढला, जो बेलार्मिनोंनी दुरून शंभरदा ऐकला असेल पण ज्याचा अर्थ त्यांना आत्ता, छातीतून थरथर जाणवल्यावर, कळला. या, जेवण आहे, इथं काही भीती नाही.

पिल्लं आली. पोटावर चढली, खांद्यावर चढली. एक त्यांच्या टायला वरून खाली टोचत गेलं. एक बगलेच्या उबेत शिरून डोळे मिटून बसलं. त्यांचे पाय इतके हलके आणि इतके गरम होते, की बेलार्मिनो पाठ विसरले. श्वास घेतला की पिल्लं वर जायची, सोडला की खाली यायची.

"साहेब?"

ग्वारिनबाई अंगणाच्या दारात उभ्या होत्या. मागे एलिओदोरो, तोंड उघडं. बाजारातून आलेल्या एदेल्मिराबाई पिशवीसकट त्यांच्या मागे.

"उठू नका," ग्वारिनबाई कुजबुजल्या.

"उठता येत नाही," बेलार्मिनो म्हणाले.

"समजू शकते," बाई म्हणाल्या, आणि फळीवर कागद ठेवून लिहू लागल्या. हळू आवाजात त्या लिहिलेलं वाचतही होत्या. "पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून मालकांनी अधिकाऱ्याच्या आगमनानंतरही उठण्यास नकार दिला." मग म्हणाल्या, "हातावर?"

बेलार्मिनोंना मनगट तेवढं हलवता येत होतं. त्यांनी तळवा वर केला. बगलेतलं पिल्लू उठलं, तळव्यावर गेलं आणि पुन्हा बसलं.

"रोज असेच असता का तुम्ही यांच्याबरोबर?"

बेलार्मिनोंनी आयुष्यात खोट्या कागदावर शिक्का मारला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, पण एलिओदोरो आधी बोलले. "सूट रोज नसतो," ते म्हणाले. ते खरंच होतं.

"आता नावं," ग्वारिनबाई म्हणाल्या. "पाळीव सोबत्याला नाव लागतं. प्रत्येकाचं."

 कोंबडीचं बेलार्मिनोंना ठाऊक होतं. पिल्लांना त्यांनी पहिल्यापासून शिव्यांखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"लिहून घ्या," मागून एदेल्मिराबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि झग्याला हात पुसत पुढे आल्या. "पोटावरची ती ठिपकी. तिच्या शेजारी दालचिनी. खांद्यावरचं ढेकूळ, ते कायम असं गोळा होऊनच बसतं. ती दोन उघड्या मानेची, एक चुळबुळी आणि एक बिशप. हातावर झोपलंय तो पोस्टमन, रोज सकाळी सगळ्यांत आधी दाराशी तोच येतो." एवढे दिवस खुर्चीत बसून त्या नुसत्या बघत नव्हत्या. "आणि टायवर पाय रोवून उभी आहे ती तुलिया."

लेखणी चालत होती ती चालत राहिली.  मग एलिओदोरो खोकले.

"वहिनी," ते म्हणाले, "तो कोंबडा आहे."

"कशावरून?"

"तुरा बघा. उभं राहणं बघा. जरा मोठा झाला की बांग देईल."

ग्वारिनबाईंची लेखणी थांबली. "कोंबडा आरवतो," त्या म्हणाल्या. "त्याला शेजाऱ्यांची ना हरकत लागेल. आपण शेजारी ना?"

सगळ्यांनी एलिओदोरोंकडे पाहिलं. त्यांचा फुलांचा वाफा दोनदा उकरला गेला होता. ट्रॉम्बोनच्या पेटीतला डाग गेला नव्हता. मुंग्यांची बरणी रिकामी होती.

"नाव बदलू नका," एदेल्मिराबाई म्हणाल्या. "आमची तुलिया कोंबड्याच्याही आधी उठायची. उठून पहिलं काम काय, तर सगळ्या वाडीला हाका मारायची. कुणाची हिंमत नव्हती झोपायची." बोलता बोलता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "आरवेल तर आरवू दे. तिच्याच वळणावर गेलाय मेला."

एलिओदोरोंनी ग्वारिनबाईंच्या हातून लेखणी घेतली. "म्हाताऱ्या माणसाला झोप तशी कमीच," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

त्यांनी सही केली, वाकडीतिकडी, ट्रॉम्बोनच्या नळीसारखी लांब. ग्वारिनबाईंनी फळीवरच शिक्का मारला. तो ठप्प आवाज बेलार्मिनोंना आयुष्यातल्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा गोड वाटला.

"आता उठा," एदेल्मिराबाई म्हणाल्या. "सुटाचं काय करून ठेवलंय बघा. आणि हे असं थंड दगडावर पडायचं वय आहे का तुमचं?"

"एदेल्मिरा," बेलार्मिनो म्हणाले, "मला खरंच उठता येत नाहीये हो. कंबर धरलीय. मघापासून."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ग्वारिनबाईंच्या हातातल्या कागदाकडे, उठण्यास नकार दिला असं जिथं लिहिलं होतं तिकडे पाहिलं. आणि त्या हसू लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग दाराच्या चौकटीला धरून, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एलिओदोरो औषधवाल्या उल्पियानोंना बोलवायला धावले. ग्वारिनबाईंनी कागद घाईघाईनं पिशवीत घातला, कारण त्यावर शिक्का मारून झाला होता आणि शिक्का मारलेला कागद त्यांना पुन्हा वाचायचा नव्हता.

बायकोचं हसणं ऐकून बेलार्मिनोंनाही हसू फुटलं. कमरेतून कळ निघाली, पण थांबता येईना. सूट हलू लागला, टाय हलू लागला, पोट वरखाली होऊ लागलं, आणि त्या हलत्या पोटावर सात पिल्लं पंख पसरून तोल सावरत उभी राहिली. एकही पळालं नाही.